दाब, सोड, उचल, ठेव

नागभीड, ९ फेब्रुवारी १९५२

यांस,

तुमचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाई, पण पाकिटावर लिवावंच लागलं. पोस्टातल्या बाबूनं ते मोठ्यानं वाचलं, "नायक खुशाल इस्तारी मारबते, कोरिया." रांगेतले लोक वळून माह्याकडे पाहू लागले. कोरिया कुठी आहे ते त्यायले माहीत नाई. मलेही नाई.

आपला लेक झाडू गेला तवापासून मी तुमाले काई लिवलं नाई. ती बातमी मामाजीनं शाळेच्या मास्तरकडून लिवून धाडली. मग तुमची पत्रं आली. मी फोडली नाई, बाबाच्या ट्रंकेत टाकून दिली. आज लिवून राह्यली ते तुमच्या फोटोपायी.

तो फोटो तुमी मामाजीले धाडला. ते बाजाराले आले तवा सोबत घेऊन आले. धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला होता. "पाह्य वच्छला, माहा लेक मास्तर झाला! तिकडच्या शिपायायले शिकवून राह्यला." फोटोत एक माणूस पालथा पडला आहे. तुमी त्याच्या डोक्यापाशी गुडघे टेकून बसले, दोनी हात त्याच्या पाठीवर. भवताल कोरियाचे लोक वाकून पाहून राह्यले. मी विचारलं, हे काय करून राह्यले? मामाजीले का माहीत! त्यायनं फोटो उलटा केला. मागं तुमचं अक्षर होतं, 'पाण्यात बुडालेल्याचा श्वास परत आणायचा वर्ग.'

मी मोठ्यानं वाचलं. मामाजी तसेच निंगून गेले. बाजार केला नाई, फोटोही माह्याच हातात ठेवला.

आता मले उत्तर द्या. झाडूले पाण्यातून काढलं तवा त्याचं आंग गरम होतं. माह्या जावेनं, कुंताबाईनं, त्याले डोंग्यात ओढलं, तलावाच्या काठावर, पाळीवर आणलं. तुमच्या दादानं त्याचे पाय धरून त्याले गरगर फिरवलं. मग मडक्यावर पोट ठेवून लोळवलं. मिरच्यायचा धूर दिला. मग म्हणाले, गेला. अख्ख्या सावरटोल्यात धीवरायची घरं, जलमभर पाण्यावर जगणारे लोक, आणि बुडालेल्याचा श्वास परत आणता येते हे एकालेही माहीत नाई. तुमाले माहीत होतं. कोरियाले जायच्या आधी तुमी सुट्टीवर आले, डोंग्यात बसून मासोळ्या धरल्या, झाडूले मांडीवर घेऊन त्याच तलावात हात धुतले. तवा मले काऊन नाई शिकवलं? परदेशातले लोक जगले पाह्यजे, आणि आमी?

मी सावरटोला सोडला. बाबाच्या रेल्वेच्या खोलीत राहतो. कुंताबाईचं तोंड मले पाहायचं नाई. झाडू तिच्या मागंमागं गेला होता, तिनं वळून पाह्यलं नाई. ती तुमची भावजय असन, माही आता कोणी नाई.

बाबा मले एकटीले पाण्याकडे जाऊ देत नाईत. विहिरीवरही माय सोबत येते. काऊन ते तुमाले समजन.

वच्छला


नागभीड, १९ एप्रिल १९५२

यांस,

तुमचं पत्र आलं. हे मी फोडलं. ट्रंकेतली पहिलेची पत्रंही मग काढली आणि एका बसणीत वाचली.

तुमी लिवता की हा प्रकार तुमालेही तवा येत नव्हता. पलटणीत दुसरीच जुनी रीत होती, आणि तीही तुमी कधी हातानं केली नव्हती. तुमचं काम पट्ट्या बांधायचं. झाडूची बातमी आली तवा तुमी कॅप्टन साहेबापुढं उभे राह्यले आणि म्हणाले, मले बुडालेल्यायच्या कामावर घाला. मग ही नवी रीत शिकले. मग कोरियावाल्यायले शिकवायले माणूस पाह्यजे होता, तुमाले उभं केलं. म्हणजे झाडू आधी गेला, वर्ग मागून आला.

हे खरं असन तर मी तुमाले उगाच बोलली. पण राग तर आला होता, आणि तो अजून आहे. तो आता कोणावर ठेवू ते सांगा.

माह्यानं घरात बसवत नाई. निवडायले घेतलेले तांदूळ तसेच टाकून मी फलाटावर जातो. बाबा तिथी रेल्वेचे खलाशी आहेत म्हणून कोणी हटकत नाई. छोट्या गाड्या येतात, चांद्याची, गोंदियाची, नागपूरची. कोळसा घेतात, पाणी घेतात, जातात. कोणती गाडी कोरियाच्या वाटेले लागते असं मी बाबाले विचारलं. बाबा हसले नाईत. म्हणाले, "नागपूरवाली. पण तू कुठी नको जाऊ, बाई."

तुमच्या पत्रात ते लिवलं आहे की तिथल्या नद्यांवरचे पूल बॉम्बनं पडले, पळून जाणारे लोक पाण्यातून जातात आणि बुडतात. म्हणून त्यायच्या शिपायायले, दवाखान्यातल्या नर्सायले हे शिकवावं लागते. साहेब इंग्रजीत सांगते, दुभाषा त्यायच्या भाषेत सांगते, तुमी हातानं दाखवता. आणि एक रोज दुभाषा आला नाई, साहेबही नव्हते, तवा तुमच्या तोंडातून आपली बोली निंगून गेली: दाब, सोड, उचल, ठेव. आता सारा वर्ग तेच म्हणते. अर्थ कोणाले माहीत नाई, पण हात बरोबर चालतात.

ते वाचून मले हसू आलं. झाडू दसऱ्याले गेला, तवापासून पह्यल्यांदा. मायनं स्वयंपाकघरातून डोकावून पाह्यलं. मग मले माह्या हसण्याचाच राग आला आणि मी पत्र चुरगळलं. मग परत सरळ केलं.

माहं म्हणणं एकच आहे. कोरियाच्या लोकायले शिकवता तसं मलेही शिकवा. मी चवथी पास आहे, लिवलेलं समजते. चित्रं काढून धाडा. कुठी हात ठेवायचा, किती जोर लावायचा, कवा सोडायचं. आधी काय, मागून काय. काई गाळू नका.

वच्छला


नागभीड, २८ जून १९५२

यांस,

चित्रं मिळाली. तुमी काढलेला माणूस बेंडकासारखा दिसते, पण समजला.

पहिले कोंड्याच्या पोत्यावर केलं. पोत्याले पाठ नाई, खांदे नाई, समजेना. मग माय तयार होईना म्हणून बाबाच खोलीत पालथे झाले. मी चित्रात आहे तसं त्यायच्या डोक्यापाशी बसली. त्यायचं तोंड एका बाजूले, हात गालाखाली. खांद्याच्या फऱ्यांवर तळहात ठेवले आणि सरळ हातानं पुढं झुकली. बाबाचा श्वास हूं करून बाहेर आला. म्हणाले, "अवं हळू! मी बुडलो नाई अजून." मग कोपरं धरून हात आपल्याकडे उचलले, तवा छाती आपोआप भरली. त्यायले काई करावंच लागलं नाई. बाबा उठून बसले, छातीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "इतकंच हाय?"

हेच मी तुमाले विचारतो. इतकंच आहे?

आता माह्या शंका. बुडालेल्याच्या तोंडात गाळ असला तर बोटानं काढायचा, मग त्याचे दात बसले असले तर? लहान लेकराले इतक्या जोरानं दाबायचं का? आणि किती वेळ करायचं? तुमी लिवता, "थकेपर्यंत, मग दुसऱ्यानं." दुसरा नसन तर?

अजून एक विचारतो, रागावू नका. ही सुन-ओक कोण? तुमच्या पत्रात तिचं नाव फार येते. सुन-ओकचा हात चांगला, सुन-ओक बाकीच्यायले दाखवते, सुन-ओकनं नदीवर एका म्हाताऱ्याले वाचवलं. ते पत्र मी रागानं खाली ठेवलं. दुसऱ्या रोजी पुढचं पान वाचलं. तिचं लेकरू उत्तरेकडून पळून येताना नदीत हातातून सुटलं, असं तुमी तिथी लिवलं आहे. ते पान आधी असतं तर बरं झालं असतं.

तिले माह्याकडून एक विचारा. कोणाच्या पाठीवर हात ठेवला की तिले आपलं लेकरू आठवते का? आणि आठवलं तर हात कसा चालते? मी बाबाच्या पाठीवर हात ठेवला तरी मले झाडूचंच तोंड दिसलं. दुसऱ्या रोजी परत करताना मधातच उठून बाहेर गेली. ते तुमाले लिवणार नव्हती.

वच्छला


सावरटोला, ३१ ऑगस्ट १९५२

यांस,

वरचं गाव पाहून तुमाले नवल वाटन. मी परत आली. नागभीडात शिकून काय करू, तिथी पाणी विहिरीत. इथी तलाव दारात आहे.

मामाजी दारात जाळं विणत बसले होते. मले पाह्यलं, बोलले काई नाई, उठून माही पेटी आत नेली. कुंताबाई चुलीपाशी होती. मी तिच्याशी बोलली नाई, तीही बोलली नाई. एका चुलीवर दोघी रांधतो. मीठ पाह्यजे असलं तर मी मामाजीले सांगतो, मामाजी तिले सांगतात.

तुमचे दादा घरात आले की मी पदर ओढून बाजूले होतो, नेहमीसारखी. त्यायच्या सावलीवर पाय पडू देत नाई. भासरा आहे, रीत ती रीत.

पोळ्याच्या दुसऱ्या रोजी सारे पारावर बसले होते तवा मी मामाजीकडून विषय काढवला. त्यायनं म्हटलं, माह्या लेकानं कोरियातून एक विद्या धाडली आहे, साऱ्यायनं शिकावी. बापूजी पंचानं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इस्तारीभाऊ, पाणी ज्याले ओढते त्याले ओढते. आता काय बाईमाणसानं परक्या गड्याच्या पाठीवर हात ठेवावा? हे मिलटरीतलं मिलटरीत ठेवा." कोणीतरी म्हणालं, तिचं डोकं पोरापायी फिरलं. हळूच म्हणालं, पण मले ऐकू यावं असं.

पालथं पडायले एकही गडी तयार नाई. मी तशीच उभी. मग मासोळ्या विकणारी रुखमाबाई उठली. ती म्हातारी कोणाले भेते! टोपलं बाजूले ठेवून पारासमोरच पालथी झाली. "माही पाठ तशीही दुखूनच राह्यली. दाब बाई, पुण्य लागन." साऱ्या बाया हसल्या. मी करून दाखवलं. रुखमाबाई म्हणे, "बरं वाटते वं, अजून कर." आता रोज दुपारी दोन-चार बाया येतात. अर्ध्या पाठ दाबून घ्यायले येतात, मले माहीत आहे. पण येतात. रुखमाबाईचा हात चांगला बसला. कुंताबाई दाराआडून पाहते. मी तिच्याकडे पाठ करून बसतो.

सुन-ओकचं उत्तर पोचलं. 'मी तोंडाकडे पाहतच नाई, पाठीकडे पाहतो. पाठ साऱ्यायची सारखीच राहते.' मी ते आठवत राहतो. तिले माहा नमस्कार सांगा. कोरियाच्या भाषेत काय म्हणतात ते तुमी पाहून घ्या.

वच्छला


सावरटोला, १४ नोव्हेंबर १९५२

यांस,

आधी हे वाचा: तुमचे दादा जिवंत आहेत. आता बाकीचं सांगतो.

शिंगाड्यायची तोडणी चालू आहे. परवा सकाळी तुमचे दादा एकटेच डोंगा घेऊन गेले. मधात वेल गच्च आहे. वाकून तोडताना डोंगा कलंडला आणि पाय वेलात गुंतले. पोहणारा माणूस, पण वेलानं वर येऊ दिलं नाई. दुसऱ्या डोंग्यातल्या लोकायनं पाह्यलं, वेल कापून काढलं, पाळीवर आणून टाकलं. ओरडा ऐकून मी पोचली तवा त्यायचे ओठ निळे पडले होते. चौघं गडी त्यायचे पाय धरून उलटं करून राह्यले होते, पण इतकं मोठं शरीर, ते हातातून निसटून राह्यलं. कोणी मिरच्या आणायले पळालं. तीच जागा, तेच लोक, तेच करून राह्यले.

मी पुढं झाली. बापूजी आडवे आले. "हात लावू नको! भासरा हाय तुहा. मेलेल्याले तरी बाटवू नको."

माहे पाय तिथीच थांबले. तुमाले खरं सांगतो, मी थांबली. डोक्यावरचा पदर मी दोनी हातानं धरून ठेवला होता.

तवा कुंताबाईनं माहं मनगट धरलं. मी परत आल्यावर पह्यल्यांदा ती माह्याशी बोलली. "वच्छला, हात लाव. मी दाराआडून पाह्यलं, पण मले येत नाई. तू लाव."

मी म्हटलं, "लोक..."

"लोक गेले खड्ड्यात. माहा नवरा हाय, मी सांगून राह्यली. लाव हात!"

मी पदर खोचला. रुखमाबाईनं आणि मी त्यायले पालथं केलं. तोंडात बोट घातलं, गाळ आणि पाल्याचा बोळा निंगाला. डोक्यापाशी बसली. त्यायचं तोंड माह्याकडेच होतं, डोळे अर्धे उघडे, आणि ते तुमच्या दादाचं राह्यलं नाई, झाडूचं झालं. तोच वाकडा ओठ, तुमच्या घराण्याचा. मग मी पाठीकडे पाह्यलं. रुंद, काळी, चिखलाची पाठ, वेलाचे वळ उठलेले. पाठ कोणाचीही. हात ठेवला आणि झुकली.

दाब. सोड. उचल. ठेव. मी मोठ्यानं म्हणून राह्यली होती, मले नंतर सांगतलं. आधी काईच नाई. नाकातून पाणी आलं, बस. लोक बोलून राह्यले ते ऐकू येणं बंद झालं. माहे हात भरून आले, खांदे भरून आले. मामाजी रडत म्हणाले, "बस कर पोरी. गेला तो. बस कर." मी नाई थांबली. माह्यानं झुकवेना तवा रुखमाबाई बाजूले बसली, माह्याच तालात तिनं हात घातला आणि मी सरकली. एकही फेरी चुकली नाई. तिची थकायची पाळी आली, मी परत बसली. असं किती वेळ झालं ते मी सांगू शकत नाई. ऊन माह्या पाठीवरून बाजूले गेलं होतं.

मग एकदा कोपरं उचलली तवा आतून काईतरी ओढल्यासारखं लागलं. माह्या ओढण्याच्या आधी त्यायनं ओढलं. मी थांबली. परत ओढलं. मग खोकला, मग भडभडून पाणी, मग गाढवासारखा मोठा श्वास. कुंताबाई त्यायच्यावर पडली. माणसं ओरडली. बापूजी दूर जाऊन उभे राह्यले.

आता जे लिवतो ते इथी कोणाले सांगतलं नाई. मले आनंद झाला नाई. मी उठली, पाळीवरून चालत निंगाली, तलावाच्या पार त्या टोकाले गेली आणि तिथी बसून गवत उपटलं. जवर हे फक्त कागदावरचं चित्र होतं, तवर मले वाटे की असन खरं, नसन खरं. आता ते खरं निंगालं. म्हणजे झाडू परत आला असता. इतका सोपा होता तो परत यायले. हे आता मले जलमभर माहीत राहीन.

माह्या मागून कुंताबाई आली. नवऱ्याले तसंच सोडून आली. जवळ बसली नाई, थोडी दूर बसली. म्हणाली, "मी त्याले घरी परत धाडलं होतं वच्छला. तो फाटकापर्यंत गेला ते पाह्यलं, मगच डोंगा लोटला. तो परत फिरन असं मले वाटलं नाई."

हे ती तवाही म्हणाली होती. साऱ्यायसमोर. मी ऐकलं नव्हतं.

मी तिले म्हटलं, "घरी जाय. त्यायले गरम पेज दे, आणि कुशीवर निजव." तुमच्या पत्रात तसं लिवलं होतं. ती गेली. मी अंधार पडायच्या आत घरी आली. तिनं माहं ताट वाढून ठेवलं होतं.

वच्छला


सावरटोला, ६ डिसेंबर १९५२

यांस,

जातीची बैठक झाली. बापूजीनं तिथी म्हटलं, भासऱ्याच्या आंगाले हात लागला, रीत मोडली. दोघायची शुद्धी झाल्याबिगर या घरचं पाणी कोणी घेऊ नये, यायच्या डोंग्यासोबत डोंगा लावू नये. मी मामाजीच्या मागं पदर ओढून बसली होती. वाटलं, आता मामाजी हात जोडतील. त्यायनं जलमभर हेच केलं आहे.

मामाजी उठले. आवाज कापून राह्यला होता. "माहा नातू याच पाळीवर पडला होता. तवा साऱ्यायनं रीत पाळली. कोणी काई मोडलं नाई. आणि मी त्याले मातीत ठेवून आलो. आता माहा लेक घरी जेवून राह्यला हाय, आणि तुमी म्हणता रीत मोडली. मोडू द्या."

मग तुमचे दादा उठले. अजून त्यायची छाती दुखते, काठी घेऊन उभे राह्यले. माह्याकडे पाह्यलं नाई, पण माह्याविषयी बोलले. "हिच्या हातानं मी बाटलो असन तर हा श्वासही बाटलेलाच हाय. कोणाले पाह्यजे असन त्यानं यावं आणि तो काढून घ्यावा."

बैठक तशीच उठली. काईच ठरलं नाई. काई घरं बोलत नाईत, काई बोलतात. पण काल दुपारी बापूजीची सून, आशाबाई, मागच्या दारानं आली. कडेवर लेकरू. म्हणे, सासऱ्याले सांगू नका, मले दाखवा. त्या रोजपासून कुंताबाईही शिकून राह्यली आहे, मी तिलेच हाक मारली. "तू दाखव. तुहा हात आता बसला." तिनं दाखवलं. चुकली तिथी मी बोलली नाई, तिनंच दुरुस्त केलं.

तुमाले वाटन की आता मी बरी झाली. नाई झाली. रोज तलावावर जातो, डोंगे मोजल्यासारखे पाहतो, कोणतं लेकरू कुठी आहे ते पाहतो. लोक हसतात. हसू द्या.

वच्छला


सावरटोला, १७ ऑगस्ट १९५३

यांस,

तिथली लढाई थांबली हे मास्तरनं पेपरात वाचून सांगतलं. मग तुमचं पत्र आलं. मी त्यात तारीख शोधली, कवा येता त्याची. तारीख नव्हती. तुमी लिवता की कैद्यायच्या देखरेखीले हिंदुस्थानातून अजून शिपाई येऊन राह्यले, दवाखान्याचे लोक लागतील, म्हणून तुमी राहायची परवानगी मागणार आहात. तिथल्या लोकायले तुमची गरज आहे, असं लिवता.

एक वर्षापहिले मी हे पत्र फाडून टाकलं असतं. आता सरळ बोलतो.

तिथल्या लोकायले तुमची गरज होती. तुमी ती पुरी केली. तुमीच लिवलं की आता सारे वर्ग सुन-ओकच घेते, तुमी भिंतीले टेकून पाहता, आणि तुमच्यापेक्षा तिचंच लोक जास्त ऐकतात. मग तुमी तिथी काय करून राह्यले? मी सांगतो. तुमाले हा तलाव पाहायची भीती वाटते. मले समजते. मीही बाबाच्या खोलीत जाऊन बसली होती. मी नागभीडाले पळाली, तुमी कोरियातच लपून राह्यले. तुमचं नागभीड दूर आहे, एवढंच.

इथलं ऐका. वैनगंगेच्या घाटावर रुखमाबाईची बहीण राहते. पुरात तिथली नाव उलटली, माणसं गेली. त्यायनं निरोप धाडला की सावरटोल्याच्या बायायले धाडा, आमाले शिकवा. मी आणि कुंताबाई बैलगाडीनं गेलो. तुमचे दादा गाडी हाकायले आले. बाया शिकल्या. पण नाव हाकणारे गडी बाईसमोर पालथे होईनात. दादानं सांगून पाह्यलं, पण त्यायले हात येत नाई, आपण कसे बुडालो आणि वाचलो तेवढंच ते सांगू शकतात. नावेत तर गडीच राहतात, बाई नाई. ते नाई शिकले तर आमी पाळीवर बसून काय करणार? तुमी शिपायायले शिकवलं आहे. ज्यायची बोली येत नाई त्यायले शिकवलं आहे. इथी तर बोलीही आपलीच आहे. तिथी सुन-ओक आहे, तिच्या सोबतीले सारा दवाखाना आहे. इथी आमी तिघी आणि एक दुखती पाठ.

हे झालं गावाचं. आता माहं.

मी तुमाले माफ केलं असं लिवत नाई. माफ करण्यासारखं तुमी काई केलंच नव्हतं, ते मले समजते, तरी राग येते. कवाकवा भाकर थापताना येते, आणि मी पीठ तसंच टाकून बाहेर जातो. पण राग घेऊनही एका घरात राहता येते. मी कुंताबाईसोबत राहून पाह्यलं. आता आमी मीठ एकमेकीले मागतो.

तुमी राहायची परवानगी मागणार असाल तर मागा, मी अडवू शकत नाई. पण मग मले साफ लिवा की मी येत नाई, तिथल्या लोकायचं नाव सांगून नका लिवू. म्हणजे मी नागपूरच्या गाडीकडे पाहणं सोडीन. नागभीडच्या बाजाराच्या रोजी मी अजून फलाटावर जातो.

आणि यायचं असन तर कोणाले न कळवता येऊ नका. मामाजी म्हातारे झाले. आणि गाडीतून उतरून एकटे तलावाकडे जाऊ नका. झाडूले जिथी काढलं ती जागा तुमी पाह्यली नाई. मले ती रोज दिसते, माह्या पायाले ती माहीत आहे. आधी घरी या, पाणी प्या, जेवा. मग मी तुमाले तिथी नेईन, आणि तुमी म्हणाल तवर तिथी बसून राहीन.

वच्छला